एकच हात मुठीवर

मित्रांनो, नाशिकच्या वडाळा गावात एका घराच्या पडवीत काळी, जुनी सायकल उभी असते. तिचं मागचं चाक फिरताना जरा डुलतं. ती मी.

१९९१ साली धोंडीरामभाऊंनी मला रविवार कारंज्याजवळच्या दुकानातून आणलं. घरची थोडी भाजीची शेती त्यांच्या पत्नी बयाबाई पाहायच्या. भाऊ अंबडच्या एका कारखान्यात लेथ मशीन चालवायचे. सहा वर्षं मी त्यांना रोज सकाळी इंदिरानगरमधून कामावर नेलं. ते माझ्या साखळीला न चुकता तेल द्यायचे. शेजारी म्हणायचे, "धोंडीरामची सायकल कधी कुरकुरत नाय." मला फार अभिमान वाटायचा.

१९९७ च्या डिसेंबरातली ती सकाळ मात्र मला अजून नीट जुळवता येत नाही. आम्ही उजवीकडे वळत होतो. त्या क्षणी माझ्या मुठीवर भाऊंचा एकच हात होता. दुसरा कुठे गेला, मला कळलं नाही. मग मागून धक्का बसला आणि आभाळ खाली आलं. मी आडवी पडले होते आणि माझं पुढचं चाक उगाच फिरत होतं.

भाऊ रस्त्यावर बसले होते. कपाळातून रक्त येत होतं.

"सायकल उचला," ते म्हणाले. "मला ड्युटी हाय. आज वार कोणता?"

"मंगळवार," कडेला मेथी विकणाऱ्या लंकाबाई म्हणाल्या.

"बरं. आज वार कोणता?"

लंकाबाईंनी घाबरून हातातली जुडी खाली ठेवली.

पांढऱ्या गाडीतून एक तरुण उतरला. त्याचं नाव रविराज, हे मला पुढे कळलं. "काका, तुम्ही एकदम आडवे आलात ना!"

कुणी म्हणालं, गाडी जोरात होती. कुणी म्हणालं, सायकलच वळली. भाऊंनी सगळ्यांकडे पाहून हात जोडले. "माझंच चुकलं असंल."

खरंच चुकलं होतं का? मी तर त्यांच्यासोबत होते, तरी मला सांगता येईना.

रविराज त्यांना गाडीत घालून दवाखान्यात घेऊन गेला. लंकाबाईंनी मला आपल्या मागे ओढून ठेवलं. भाऊ जिवंत आहेत की नाहीत, हेही मला कुणी सांगितलं नाही. चौथ्या दिवशी बयाबाई मला ढकलत घरी घेऊन आल्या. भाऊ ओट्यावर होते, डोक्याला पट्टी.

"हिला काय झालं?" त्यांनी विचारलं.

"अवो, तुम्हीच पडला ना हिच्यावरून!"

हळूहळू त्यांना सगळं आठवलं, ती सकाळ सोडून. "इतक्या वर्षांत कधी आडवा गेलो नाय. त्याच दिवशी कसा गेलो?" असं ते बयाबाईंना पुन्हा पुन्हा विचारायचे. मी भिंतीला टेकून गंजत होते. मला तो सुटलेला हात आठवायचा. वाटायचं, चूक आमचीच.

महिन्याने रविराज घरी आला. बस म्हटलं तरी बसला नाही.

"काका, तुम्ही वळताना हात दाखवला होता. मी रेडिओची कळ फिरवत होतो. वर पाहिलं तेव्हा उशीर झाला होता. लोकांसमोर मी खोटं बोललो."

बयाबाई आत निघून गेल्या. भाऊ बराच वेळ आपल्या उजव्या हाताकडे पाहत राहिले, जणू तो दुसऱ्याच कुणाचा आहे.

"तू सांगतो म्हणून मी खरं मानतो," ते शेवटी म्हणाले. "पण मला अजून काहीच आठवत नाय, पोरा."

भाऊंनी माझं वाकलेलं मागचं चाक सरळ करून घेतलं, तरी ते जरा डुलायचंच. भाऊ २००६ मध्ये निवृत्त होईपर्यंत माझ्यावरूनच कामाला गेले. पण त्या वळणावर ते रोज खाली उतरायचे. मागे बघायचे, पुन्हा बघायचे, आणि मला हाताने ढकलत रस्ता ओलांडायचे. मागच्या गाड्या चिडून हॉर्न वाजवायच्या. मग भाऊ गोंधळून तिथेच थांबायचे.

मित्रांनो, चौकात कुणी सायकल धरून उगाच थांबलेलं दिसलं, तर त्याच्यावर ओरडू नका. रस्ता त्याला माहीत असतो. स्वतःवरचा भरवसा परत यायला मात्र वेळ लागतो. तेवढा त्याला द्या.