घोडीच्या वाटेतली तार

दरोडेखोरांचा म्होरक्या घोडीसकट कोसळतो, असा सिनेमातला प्रसंग होता. त्यासाठी घोडीच्या वाटेत बारीक तार ताणली होती. ती दिसताच घोडेवाल्या मामांचं डोकं फिरलं.

“काढा ती तार!”

“मामा, पडणं खरं वाटायला हवं,” दिग्दर्शक म्हणाला.

“मग गोळ्याही खऱ्या घाला की! हिचा पाय मोडला तर तुम्ही उभे राहणार का हिच्या जागी?” मामांनी खोगीर काढून फेकलं आणि घोडीला घेऊन निघाले.

“अडवा त्यांना!” दिग्दर्शक पोलीस झालेल्या नटांवर ओरडला.

“मामा, थांबा, आम्हीही येतो,” म्हणत कायद्याचे रक्षक भराभर घोड्यांवरून उतरले. दरोडेखोरांना जरा वेळ लागला. त्यांच्या विजारी फार तंग होत्या.