झिऱ्यावरची पाळी

जैनोद्दीन मास्तरांनी तांब्या झिऱ्यात जोरानं खुपसला आणि तळची वाळू ढवळून वर आली. नदीच्या वाळूत उकरलेल्या त्या हातभर खड्ड्यातलं पाणी क्षणात गढूळ झालं.

"घ्या! झालं का आता?" धुरपदाबाई म्हणाली. "मास्तर, करवंटीनं वरच्या वर घ्यायचं असतंय. तांब्या बुडवायला हा काय मशिदीतला हौद हाय?"

बायका हसल्या. मास्तर ओशाळले. कुणी सांगितलं नव्हतं, तरी त्यांनी आपली घागर उचलली आणि रांगेत सगळ्यांच्या शेवटी नेऊन ठेवली.

सीना नदी यंदा लवकर आटली होती. गावातल्या विहिरीचं पाणी मचूळ लागे आणि तापानं फणफणलेली त्यांची बायको कुलसुमबी त्या पाण्याकडे तोंड फिरवी. सकाळी तिनं झिऱ्याचं पाणी मागितलं. सून खातूनबी तिच्या उशाशी होती, म्हणून मास्तरच निघाले. सरकारी मदरशात म्हणजे शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झालेला, आता वजिफ्यावर जगणारा माणूस. नदीवर बायकांत कसं बसावं, हेही त्यांना उमगत नव्हतं. पण निघताना ते बायकोला "आत्ता आणतो" म्हणाले होते.

"भाबी कशा हायेत?" धुरपदाबाईनं विचारलं.

"पाणी मागितलंय."

ती गढूळ पाण्याकडे बघत राहिली. "बसंल गाळ. घाई करून न्हाय भागत."

ऊन चढत होतं. सगळ्या डोक्यावर पदर ओढून बसल्या. झिऱ्याच्या कडेतून पाण्याचा बारीक ओघळ पुन्हा उतरू लागला होता. आवाज नाही, काही नाही.

"मास्तर, इंग्रजीत ह्याला काय म्हणत्यात? हे असं गुमान येतंय, त्याला?" धुरपदाबाईनं विचारलं.

"सीप," मास्तर म्हणाले. बऱ्याच दिवसांनी त्यांना कुणी काही विचारलं होतं. "झिरपणं. शब्द फार जुना. मुळात भिजणं, मुरणं असा अर्थ असावा. म्हणजे, मला खात्री नाही. पुस्तकात तो उशिरा आला. त्याआधी खेड्यातली माणसंच तो बोलायची."

"म्हंजी सायबाच्या मुलखात बी आमच्यावानी अडाणी हायेत?"

"असतील."

"आन् झिऱ्यावर बसत्यात?"

"बसत असतील. नाहीतर हा शब्द त्यांना लागला कशाला असता?"

"मग मडमांच्या बी कमरा मोडत असतील की गं!"

पुन्हा हसू फुटलं. मास्तरही हसले. मग त्यांची नजर पुढच्या घागरींवर गेली आणि ते त्या मोजू लागले.

मागं दरडीवर शेजारचा आयुब येऊन थांबला. तो खाली उतरला नाही. कडेला बसलेल्या कस्तुराबाईला त्यानं खुणेनं बोलावलं, काहीतरी सांगितलं आणि गावाकडे तोंड करून उभा राहिला. मास्तरांची त्याच्याकडे पाठ होती. कुणी न विचारताच ते त्या शब्दाचं पुढचं सांगू लागले होते.

कस्तुराबाई परत आली. तिनं आपली घागर मागं ओढली. शेजारणीनं तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि आपली ओढली. मग तिसरीनं. वाळूवर घागरींचे तळ खरखरत राहिले.

धुरपदाबाईनं मास्तरांची घागर आणून झिऱ्याशी ठेवली आणि करवंटी त्यांच्या हातात दिली.

"भरा, मास्तर."

"अहो, माझी पाळी शेवटची. चूक माझी होती."

"भरा."

तिनं वर पाहिलं नाही. कुणीच पाहिलं नाही.

मास्तर याच गावात जन्मलेले. मयताच्या आंघोळीच्या पाण्याला पाळी नसते, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. ते सरकवलेल्या घागरींकडे बघत राहिले. मग मान वळवून त्यांनी दरडीकडे पाहिलं. आयुब अजून पाठमोराच होता.

"एका घागरीत भागायचं न्हाय," कस्तुराबाई हळू आवाजात म्हणाली. "तुमी व्हा पुढं. आमी आणतो मागनं."