संघाबाहेरच्या मुली

विद्यापीठाच्या क्रीडा विभागात सर एकटेच होते. शिकवायचे तेच, शिट्टी वाजवायचे तेच आणि चेंडूत हवा भरायचेही तेच. सोमवारी कचेरीतून कागद आला: मैदानावर येणाऱ्यांची संख्या दोन वर्षांत निम्म्यावर आली, कारणे कळवावीत. सरांनी एका दमात लिहून टाकलं, 'आळस आणि मोबाइल.' सही करताना मात्र हात थबकला. निदान एकाला तरी विचारावं, नाहीतर उद्या कोणी म्हणायचं, बसल्या जागी ठोकून दिलं.

जिन्यातच शिडी भेटली. उंच म्हणून सगळे तिला शिडी म्हणत आणि तिचीही काही तक्रार नव्हती. पहिल्या वर्षी ती व्हॉलीबॉलला रोज यायची. आता तिसऱ्या वर्षाला होती आणि दोन मजले चढून तिला धाप लागली होती.

"काय गं, मैदान विसरलीस की काय?"

"विसरले कुठं, सर? तुम्हीच येऊ नको म्हणालात."

"मी? कधी?"

"निवड झाली तेव्हा. बारा जणी घेतल्या, मी तेरावी. तुम्ही म्हणालात, पुढच्या वर्षी बघू. दुसऱ्या दिवशी नुसतं खेळायला आले, तर म्हणालात, मैदान संघासाठी आहे. गुणफलक सांभाळ म्हणून बसवलंत. महिनाभर दुसऱ्यांचे गुण लावले. मग कंटाळले."

सरांना यातलं काहीच आठवेना. तेच वाक्य त्यांनी दरवर्षी कितीजणींना ऐकवलं होतं, त्यातली ही एक.

"दुसरं काही खेळायचं होतंस."

"केव्हा? प्रयोगशाळा पाचला सुटते आणि साडेपाचला तुम्ही कुलूप लावता." मग ती जरा घुटमळली. "आणि सर, कपडे बदलायच्या खोलीला कडीच नाही. एकीनं बाहेर दार धरून उभं राहायचं. संघातल्या बाराजणी एकमेकींसाठी उभ्या राहतात. माझ्यासाठी कोण राहणार?"

त्या खोलीत सर कधी गेलेच नव्हते. जायचं कारणच नव्हतं. दुपारी खोली रिकामी बघून ते आत शिरले. दाराला स्क्रूची चार भोकं होती, कडीचा पत्ता नव्हता. कचेरीला अर्ज केला असता तर वर्ष गेलं असतं. त्यांनी दुकानातून कडी आणली आणि स्वतःच ठोकली. तिसऱ्या स्क्रूला अंगठा सोलवटला. मग टेबलाशी बसून त्यांनी कागदावरची ओळ खोडली आणि शिडीनं सांगितलं तसंच्या तसं लिहिलं, स्वतःच्या वाक्यासकट. लिहिताना कान तापले.

गुरुवारी सात वाजेपर्यंत मैदान कोणासाठीही खुलं, अशी पाटी लागली. संघाची कप्तान तणतणत आली.

"सर, स्पर्धा तोंडावर आलीय!"

"तुम्हाला बाकीचे पाच दिवस आहेत की."

"पण त्यांना खेळता तरी येतं का?"

"नाही येत. म्हणून तर येणार आहेत."

पहिल्या गुरुवारी चौघी आल्या. शिडी आली नाही. सरांना वाईट वाटलं, पण बोलवायला गेले नाहीत. दुसऱ्या गुरुवारी ती सव्वापाचला आली, प्रयोगशाळेतला डाग पडलेल्या सदऱ्यात. पहिलाच चेंडू जाळ्यात, दुसरा थेट सरांच्या डोक्यावर. दहा मिनिटांत ती कंबर धरून खाली बसली.

"सर, दोन वर्षांत म्हातारी झाले हो मी!"

"ऊठ, म्हातारे. सर्व्हिस तुझीच आहे."

"गुण कोण लावतंय?"

"कोणी नाही," सर म्हणाले.

परीक्षा जवळ आल्या तशा मुली गळत गेल्या. एका गुरुवारी दोघीच उरल्या, शिडी आणि चष्मा लावणारी एक. दोघींत सामना कसा व्हायचा? सरांनी घड्याळ काढून खिशात टाकलं, चपला बाजूला ठेवल्या आणि ते स्वतःच जाळ्यापलीकडे जाऊन उभे राहिले.