सगळ्या चटया माझ्या

माझ्या मामा-मामीने माझं जेवढं नुकसान केलं तेवढं दुसऱ्या कुणी केलं नसेल. मी बिघडले ती त्यांच्याच घरी, आणि त्यांच्या संपूर्ण सहकार्याने.

आम्हा टोंगाच्या लोकांत बहिणीचं लेकरू म्हणजे मामाच्या घरातलं फाहु. फाहुने एखाद्या वस्तूकडे बोट दाखवलं की ती तिची, मामाने ब्र काढायचा नाही. हा अधिकार कुणी दिला ठाऊक नाही, पण पाच वर्षांच्या पोरीच्या हाती द्यायला नको होता. घरी वडिलांच्या ताटातलं उष्टं खायला मला मनाई होती, त्यांच्या डोक्याला हात लावणं तर फारच लांब. मामाच्या ताटात मात्र मी कोपरापर्यंत हात घालायचे आणि पोट भरलं की त्याच्या खांद्यावर चढून केस ओढायचे. सिओसिफा मामा चांगला धिप्पाड गडी. चर्चमध्ये तो गायला लागला की खिडक्या थरथरायच्या. माझ्यापुढे मात्र त्याची शेळी व्हायची.

मी त्याचा रेडिओ मागितला, त्याने दिला. आठवड्याभरात मी तो समुद्रावर नेऊन स्वच्छ धुऊन आणला. त्यानंतर रग्बीचा सामना असला की मामा शेजाऱ्याच्या कुंपणाशी उभा राहून ऐकायचा, आणि परत आल्यावर मलाच विचारायचा की अजून काही हवंय का. लोसा मामी तर त्याच्याही वरची. तिने केतकीच्या पानांची चटई चार महिने खपून विणली होती. माझ्या खेळण्यातल्या होडीला शीड हवं होतं, म्हणून मी तिचा कोपरा कापला. मामीने शीड हातात घेतलं, उलटसुलट करून पाहिलं आणि वाकडं कापलंस म्हणून मला रागावली. मग स्वतः बसून सरळ कापून दिलं. अशा माणसांच्या हाताखाली मूल काय सुधारणार?

त्यांना स्वतःचं मूल नव्हतं. ते एका अर्थी बरंच झालं, माझ्या वाट्याला भागीदार आला नाही.

पुढे मी ऑकलंडला गेले आणि मला रीतभात आली. तिथे लोक बसमधून उतरताना ड्रायव्हरचेसुद्धा आभार मानतात. मला वाटलं, आपण ज्यांचं एवढं खाल्लं त्यांना कधी साधा एक शब्द नाही म्हटला. सोनेरी अक्षरांचं कार्ड आणलं, दोन पानं भरून आभार लिहिले आणि पाठवून दिलं. तीन आठवड्यांनी मामीचा फोन आला. मामा कार्ड घेऊन पाद्रीबाबांकडे गेला होता, पोरीच्या मनात नेमकं काय आहे ते विचारायला.

"आका, आमचं काय चुकलं?" मामी म्हणाली. तिचा आवाज रडवेला होता. "मी काय परकी आहे, म्हणून आभार मानतेस?"

हक्काने घेणाऱ्याने आभार मानले म्हणजे त्याने नातं तोडलं, असा तिने अर्थ लावला होता. मी फोनवर तासभर माफी मागितली आणि पुढच्या वेळी येईन तेव्हा मामाचं मासेमारीचं नवं जाळं हक्काने उचलून नेईन असं वचन दिलं. तेव्हा कुठे तिचा जीव भांड्यात पडला. ते जाळं न्यायला मला जमलं नाही. गेल्या महिन्यात मामा गेला, आणि आभार तसेच घशात राहिले.

मयताला मला अर्थातच मामाच्या उशाशी बसवलं. मामी कमरेला भलीमोठी फाटकी चटई गुंडाळून पायथ्याशी बसली होती, विधवेने बसायचं तशी. दफन झाल्यावर धाकट्या टेविटा मामाची बायको फाने हिला दुःख आवरेना. ते आवरण्यासाठी तिला लोसा मामीच्या पलंगाखालची पेटी ओढून बाहेर काढावी लागली. आत पाच चटया होत्या. मामीचं तीस वर्षांचं विणकाम. फानेने मंडळींसमोर हिशेब मांडला: सगळ्यात उंची चटई फाहुला, एक पाद्रीबाबांना, आणि तीन घरातच, म्हणजे तिच्या घरात. शिलाई मशीनही तीच सांभाळणार होती. मामीला ते लोक आपल्या मागच्या खोलीत ठेवून घेणार होते, मग एकट्या बाईला मशीन कशाला, असा तिचा प्रेमळ विचार. टेविटा मामाने मान हलवली. मामी जमिनीकडे बघत राहिली. तिच्या विणण्यावर आणि शिवणावरच ते घर चालायचं, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं.

फानेने उंची चटई उचलून माझ्या मांडीवर ठेवली. मी ती चाचपून पाहिली.

"बाकीच्या पण आणा," मी म्हणाले.

फाने हसली. मी हसले नाही. मग मी बोट दाखवायला सुरुवात केली. शिलाई मशीन. पलंग. मागची डुकरीण, तिच्या सहा पिलांसकट. किटली. पावसाच्या पाण्याची टाकी. पाद्रीबाबांना एकाएकी खोकला आला. मागून कुणीतरी म्हणालं की ही लहानपणापासून अशीच हावरी. खरंच होतं ते. पण फाहुला नाही म्हणायची छाती तिथे कुणाची नव्हती.

"घे," टेविटा मामा शेवटी म्हणाला. "सगळं तुझं."

"आता एवढं माझ्या परतीच्या होडीत मावणार नाही," मी म्हणाले. "मामी, तू इथेच राहा आणि सांभाळ. मशीन चालवत राहा, गंज चढायला नको. मध्ये कुणी हात लावला तर ते माझं चोरलं असं मी समजेन."

मंडळी पांगल्यावर मामीने मला चुलीपाशी बोलावलं. नारळाच्या दुधात शिजवलेलं अळू आणि रताळं तिने एकाच ताटात वाढून घेतलं आणि एक घास कसाबसा खाल्ला.

"कधी नेणार सगळं?"

"बघते. तीस-चाळीस वर्षांत सवड काढते."

तिचे ओठ हलले, आणि कुठला शब्द येतोय ते मला कळलं.

"मामी," मी म्हणाले, "मी काय परकी आहे?"

तिने तोंड मिटलं, डोळे पुसले आणि आपलं उष्टं ताट माझ्यापुढे सरकवलं. मी कोपरापर्यंत हात घातला.