दोनशे बारा हरकती आणि एक ठसा

मी एक जुना रबरी शिक्का आहे. 'हरकत प्राप्त' एवढे दोनच शब्द मला येतात, आणि मित्रांनो, तेच उमटवता उमटवता माझ्या नाकी नऊ आले आहेत.

मी नवा होतो तेव्हा सगळे म्हणायचे, "काय सुरेख उमटतो!" तेव्हा पॅडवर रोज शाई पडायची. आता पॅड कोरडे ठणठणीत असते आणि कारकून माझ्यावर तोंडाची वाफ सोडून वेळ मारून नेतो.

आमच्या कार्यालयामागे एक जुनी, संरक्षित गल्ली आहे. दगडी कमानी, लाकडी सज्जे. तिथे खिळा ठोकायलाही परवानगी लागते. त्याच गल्लीच्या तोंडाशी आठ मजली इमारतीचा आराखडा निघाला. रहिवाशांनी महिन्याभरात हरकती द्याव्यात, अशी नोटीस लागली. लागली कुठे, तर आमच्याच कार्यालयाच्या जिन्याखाली, पाण्याच्या पिंपामागे! कोणी वाचू नये म्हणूनच लावली की काय, देव जाणे.

ती वाचली फक्त बायंडिंगवाल्या काकांनी. गल्लीतल्या चौथ्या घरात खिडकीपाशी बसून ते जुनी पुस्तके शिवतात. दिव्याच्या उजेडात त्यांच्या थकलेल्या डोळ्यांना दोरा दिसत नाही. इमारत झाली की खिडकीतला उजेड जाणार, आणि उजेडाबरोबर कामही. महिनाभर दारोदार फिरून त्यांनी दोनशे बारा हरकती गोळा केल्या. आणि हाडाचा कारागीर तो, नको तेच करून बसला: सगळ्या शिवून, कापडी पुठ्ठा घालून त्यांचे देखणे पुस्तक बांधले!

शेवटच्या दिवशी दुपारी ते पुस्तक टेबलावर आले. कारकुनाने मला पहिल्या पानावर एकदाच टेकवले आणि वहीत लिहिले, 'हरकत: एक'.

"अहो साहेब, दोनशे बारा आहेत!"

"काका, जेवढे शिक्के तेवढ्या हरकती."

"मग मारा की प्रत्येक पानावर."

"एका पुस्तकावर एकच. सुटे कागद आणा. पाचला खिडकी बंद."

असा संताप आला मला! पण शिक्क्याचे कोण ऐकतो?

सोबत आलेल्या काकूंनी टेबलावरची कात्री उचलली. "द्या, मी कापते. तुमच्याने नाही व्हायचं."

"राहू दे," काका म्हणाले. "शिवण माझी आहे. कुठे कापायची ते मला ठाऊक."

बाकावर बसून त्यांनी एकेक टाका उसवला. एकही पान फाटू दिले नाही. मला ते बघवेना.

मग माझी धडाधड सुरू झाली. दोनशेच्या पुढे पॅडने मान टाकली. शेवटचा कागद काकांचा स्वतःचा, आणि त्यावर मी उमटेना. कारकुनाने वाफ सोडली, दोन्ही हातांनी दाबले, तरी कागद कोराच. पाचला दोन मिनिटे होती.

"उमटला नाही तर मोजता येणार नाही, काका."

काकू ताडकन उठल्या, त्या पिंपातून ओंजळीत पाणी आणले आणि पॅडवर शिंपडले. मी फिकटच उमटलो, पण उमटलो. वहीत 'हरकती: दोनशे बारा' अशी नोंद झाली. काका रिकामा पुठ्ठा काखेत मारून घरी गेले.

मित्रांनो, पॅडवर वेळेवर शाई घाला, हे तर सांगतोच. पण कोणी इतके जपून शिवलेले तुमच्यापुढे ठेवले, तर आधी ते उघडून वाचा. या गोष्टीला चार महिने झाले. ते दोनशे बारा कागद सुतळीने आवळून कपाटावर ठेवले आहेत. ती सुतळी अजून कोणी सोडलेली नाही.