डेरग्याचा नंबर

कृपया पट्टा लावा

गाडी टुंग टुंग करायला लागली तेव्हा दिपमाला जळगावच्या बाहेरही पडली नव्हती. तिनं आपला पट्टा चाचपून पाहिला. लावलेला होता. मग समोरच्या पडद्याकडे पाहिलं, तर तिथं शेजारच्या सीटवरचा माणूस लालेलाल झाला होता.

शेजारच्या सीटवर माणूस नव्हताच. मातीची घागर होती, गळ्यापर्यंत पाण्यानं भरलेली, चुंबळीवर बसवलेली. गाडीला वजन कळतं, वजनाचं नाव कळत नाही. कोणीतरी बसलंय, एवढंच तिला ठाऊक.

दिपमालानं गाडी कडेला घेतली. पट्टा ओढला, घागरीच्या पोटावरून फिरवला आणि खटकन लावला. टुंग टुंग थांबली.

"बसा आता निवांत," ती म्हणाली आणि मग स्वतःशीच दचकली. आबांना ती कायम असंच म्हणायची.

त्या घागरीला खानदेशात डेरगं म्हणतात. वर्षाच्या आत घरातलं माणूस गेलेलं असलं, की आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, त्याच्या नावानं डेरगं भरून ठेवतात. त्यावर आंबा, सांजोरी. तहानलेला जीव येतो आणि पाणी पिऊन जातो. आबा, म्हणजे दिपमालाचे वडील अमृतभाऊ, दिवाळीनंतर गेले. ही त्यांची पहिली आखाजी.

आता इथं गोष्ट थोडी मागं घ्यावी लागते. नाहीतर घागर जळगावहून का निघाली ते कळायचं नाही, कारण घागरी काय तिच्या माहेरी दोंडाईच्यालाही मिळतात.

आखाजीला लेकी माहेरी जातात. पण आपण होऊन जात नाहीत. कोणीतरी घ्यायला यावं लागतं. दिपमालाला भाऊ नाही. म्हणून दरवर्षी आबाच यायचे, एसटीनं, खांद्यावर पंचा आणि हातात ओल्या गोणपाटात गुंडाळलेली बाटली घेऊन. लेकीच्या घरी नातवंड रांगेपर्यंत तिथलं पाणी प्यायचं नाही, ही त्यांची रीत. दिपमालाचं घर अजून शांतच होतं. ती ग्लास भरून आणायची, आबा ग्लासाकडे प्रेमानं पाहायचे आणि आपल्या बाटलीचं बूच उघडायचे. "घर सोनानं शे माय तुन्हं," ते म्हणायचे. पाण्याबद्दल काहीच बोलायचे नाहीत.

लग्नानंतरच्या सगळ्या आखाज्या अशाच गेल्या. भरलेला ग्लास ती त्यांच्यामागं कुंडीत ओतायची.

म्हणून यंदा तिनं ठरवलं, की डेरगं भरीन ते माझ्या नळाच्या पाण्यानं. फोनवर आईला सांगितलं. आईचं, म्हणजे प्रमिलाबाईचं, म्हणणं वेगळं होतं.

"लेकना घरनं पानी तो जित्ता व्हता तव्हय पीना नही. आते पाजस का?"

"पाजते."

"सुकदेव भरी देई. चुलतभाऊ शे तुना, त्याना हक शे."

"मी आणतेय आई. माझ्यासाठी थांब."

"दुपारना आत ऊनी त ऊनी. मी काई वाट नही देखाऊ."

तेवढंच. दुपारच्या आत पोचली तर तिचं पाणी, नाही तर सुकदेवचं.

नवरा किरण भुसावळला ड्यूटीवर. गाडी रात्री चार्जिंगला लावून गेला होता, आणि रात्रीच कधीतरी लाइट गेली होती. दिपमाला अर्ध्या चार्जवर निघाली. एरंडोल गेलं, पारोळा गेलं. गाडीला आवाज नाही. शेतांवर ऊन पाण्यासारखं हलत होतं, रस्ता पुढं पुढं ओला दिसत होता आणि जवळ गेलं की कोरडा. शेजारी आबा हिंदकळत होते. खिडकीकडची जागा त्यांना आवडायची.

धुळ्यात शिरता शिरता गाडीनं सांगितलं, की आता मला जेवायला घाला.

थांबा

अभयकुमार नावाच्या जैन व्यापाऱ्याच्या जुन्या जिनिंग कारखान्याच्या आवारात चार्जिंगचं यंत्र उभं होतं. कापसाची गोदामं रिकामी, भिंतींच्या फटींत अजून सरकीचा वास. मधोमध मोठा निंब. यंत्राला दोन नळ्या, त्यातली एक फडक्यानं बांधून ठेवलेली. ती बंद होती. आवारात जागा थोडी, म्हणून गाड्या बाहेर रस्त्यावर कशाही उभ्या, आणि आज आखाजी, म्हणून जास्तच. सगळे बहिणींना आणायला नाहीतर पोचवायला निघालेले.

"शेवटी कोण आहे?" दिपमालानं विचारलं.

"बसा ना ताई, येईल नंबर," ओट्यावरून कोणीतरी म्हणालं.

रांग कुठंच दिसत नव्हती. ती निंबाखाली होती, पण दिपमालाला ती रांग वाटली नाही. एक पाण्याची बाटली. एक चप्पल, एकाच पायातली. जेवणाचा डबा. विटेच्या तुकड्याखाली दाबलेली टोपी. धुळ्यात नळाची वाट पाहताना हंडे रांगेत उभे राहतात आणि माणसं सावलीत बसतात. हंड्यांची ती रीत आता गाड्यांनी उचलली होती. गाडी बाहेर, माणूस ओट्यावर, आणि रांगेत त्याची एखादी वस्तू. हे तिला कोणी सांगितलं नाही, कारण ज्याला माहीत नाही असं माणूस असेल हेच कोणाच्या डोक्यात नव्हतं.

गाडी भट्टीसारखी तापली होती. आत आबांना कसं ठेवायचं? तिनं पट्टा सोडला, डेरगं छातीशी धरून आणलं आणि निंबाच्या गार मातीत ठेवलं. टोपीच्या मागं. सावली तिथंच होती.

डेरग्याच्या बाहेरून ओल फुटली होती. नवी माती पाणी झिरपवते. सीटवर एक गोल ओला डाग राहिला होता, माणूस नदीवरून येऊन बसून गेल्यासारखा.

ओट्यावर अभयकुमारांच्या आई, सुगनबाई, तुरीची डाळ निवडत बसल्या होत्या. त्यांनी डेरगं पाहिलं, मग दिपमालाला.

"उघडं ठेवलंस पाणी? वडील का?"

"हो."

सुगनबाई उठल्या, आतून धुतलेलं पांढरं फडकं घेऊन आल्या आणि डेरग्याच्या तोंडाला बांधलं. "आम्ही तर गाळल्याशिवाय शत्रूलाही पाणी देत नाही बेटा. हा तर बाप." मग मागच्या अंगणाकडे बोट दाखवत म्हणाल्या, "सुनांनी झोका बांधलाय. तू पण माहेरवाशीणच ना? बस जरा जाऊन. मी तुला सांगते, घाई करून काही होत नाही, इथं कोणत्या क्षणी

वीजपुरवठा नाही

झोका वर गेला. गोदामाची कौलं खाली गेली.

पंखे थांबले की दुपारला तिचा स्वतःचा आवाज येतो. निंबोळ्या पडतात. लांब कुठंतरी बायका आखाजीची गाणी म्हणत होत्या, शब्द इथपर्यंत येत नव्हते, नुसते हेल येत होते. झोका मागं गेला. दिपमाला लहान झाली. आबा मागून ढकलत होते.

आबा, जोरात.

पडशील.

नाही पडत. आबा, तुम्ही घ्यायला आलाच नाहीत यंदा.

झोका पुढं. उन्हात सगळं पांढरं.

आलो ना. तुझ्याच बरोबर आलो. पट्टा किती आवळला होतास.

आबा, तहान लागली?

झोका वर थांबला. वरच्या टोकाला झोका एवढासाच थांबतो, आणि तेवढ्यात उत्तर यायचं असतं. मागं फक्त बाटलीचं बूच उघडल्याचा आवाज, तो नेहमीचा, कर्र.

तिनं पाय जमिनीला घासले.

वीजपुरवठा सुरू

लाइट जाईल त्याचा नेम नसतो," असं सुगनबाईंनी आपलं वाक्य पुरं केलं तेव्हा पंखा फिरायला लागला होता आणि वाक्य ऐकायला दिपमाला तिथं नव्हती. ती झोक्यावरून धावत येत होती. यंत्र घुमायला लागलं होतं, ओट्यावरची माणसं उठत होती.

टोपीच्या मागची जागा रिकामी होती. टोपीही नव्हती. मातीत नुसता ओला गोल.

"माझं डेरगं!" ती ओरडली. "इथं डेरगं ठेवलं होतं माझं!"

"ताई, ओ ताई, तठे नका देखू. आठे शे." यंत्राजवळून आवाज आला. बोलणारा लीलाधर होता, धुळे–नंदुरबार टॅक्सीवाला, पोट सुटलेला, गळ्यात गमछा. त्याच्या पायाशी, यंत्राला टेकून, सगळ्यांच्या पुढं डेरगं उभं होतं. मागं बाटली, चप्पल, डबा, टोपी, आणि नंतर आलेली एक छत्री. "तुमनाच नंबर शे. आना गाडी."

"माझा कसा नंबर? मी तर शेवटी आले."

"डेरगं लायं ना तुम्ही रांगमा?"

"रांगेत नाही लावलं. सावलीत ठेवलं होतं."

लीलाधरनं मागच्या लोकांकडे पाहिलं. टोपीवाला हसायला लागला. "घ्या! अन् आपण एकेक करून पुढं सरकवलं!"

झालं होतं असं. छत्रीवाल्यानं येऊन डेरगं पाहिलं आणि टोपीवाल्याला म्हणाला, तू डेरग्याच्या पुढं रे कसा उभा? टोपीवाला लाजला आणि टोपी मागं घेतली. मग डबेवाला. मग चप्पल. शेवटी बाटली. मेलेल्या माणसाला, तेही आखाजीला, आपल्या मागं तहानेलं उभं कोण करील? ज्यानं त्यानं दोन्ही हातांनी उचलून त्याला एक जागा पुढं दिली. लाइट नव्हती, यंत्र बंद होतं, रांग जागची हलत नव्हती. पण आबांचा नंबर सरकत होता.

"हे बरोबर नाही भाऊ," दिपमाला म्हणाली. घाई तिलाच होती, दुपार कलायला आली होती, तरी तिच्या तोंडून हेच निघालं. "मला रांगेचं माहीत नव्हतं. मी मागं थांबते."

"तुम्ही थांबा ना मांगे," लीलाधर म्हणाला. "तुमले कोन पुढे लयी राह्यनं? नंबर त्या बाबाना शे. त्यासनी गाडी लावा अन् तुम्ही जा झोकावर."

ओटा हसला. दिपमालालाही हसू आलं, आणि हसताना डोळ्यांतून पाणी आलं ते तिनं पदरानं टिपलं नाही.

गाडी जोडली आहे

पोचण्यापुरतं मिळालं की तिनं नळी काढली. लीलाधरनं डेरगं सीटवर ठेवलं, पट्टा स्वतः लावला आणि काचेवर टकटक केलं, टॅक्सीत बसवलेल्या म्हाताऱ्याला निरोप द्यावा तसं. "सांभायी जा बाबा."

मग रस्ता. मग ऊन. सावल्या झाडांखालून पूर्वेकडे निघाल्या होत्या. तिनं एसी बंद ठेवला. एसी लावला तर गाडी पोचणार नव्हती. शेजारची सीट भिजत चालली होती. तिनं फडकं वर करून पाहिलं नाही. पाणी कमी झालेलं असणार हे तिला कळत होतं, आणि किती, ते बघायचा धीर नव्हता. उशीर झाला, आणि त्यात अर्धं डेरगं. आई काय म्हणेल ते तिला पाठ होतं.

वाहन बंद करा

अंगणात सुकदेव होता. त्याच्यासमोर पाटावर त्याचं डेरगं, काठोकाठ भरलेलं, वर आंबा ठेवलेला. सांजोऱ्यांचं ताट झाकलेलं. दुपार टळून गेली होती.

"वाट देखी वं अक्का," सुकदेव खाली पाहत म्हणाला. "काकी म्हने, आते भरी टाक."

डेरगं कडेवर घेऊन दिपमाला तशीच उभी राहिली. कडेचं लुगडं भिजलं.

प्रमिलाबाई दारात आली. लेकीकडे पाहिलं, लेकीच्या मागं रिकाम्या फाटकाकडे पाहिलं.

"येकलीच उनी? कोनी लेवाले नव्हतं?"

दिपमालानं कडेवरच्या डेरग्याकडे मान केली.

प्रमिलाबाई जवळ आली. तिनं पांढऱ्या फडक्याची गाठ सोडली आणि आत हात घातला. बोटं कोरडीच राहिली. मनगट आत गेलं तेव्हा पाणी लागलं. हात तिनं तसाच आत ठेवला. नव्या डेरग्याचं पाणी झिरपतं हे तिला काय कोणी सांगायला हवं होतं? जन्म मातीच्या भांड्यांत गेला होता तिचा.

"भरेल व्हतं?" तिनं विचारलं.

"गळ्यापर्यंत," दिपमाला म्हणाली. "माझ्या नळाचं."

ओला हात प्रमिलाबाईनं बाहेर काढला आणि आपल्या कपाळावरून फिरवला.

"मंग वाटमा पीना व्हई," ती म्हणाली.

मग ती खाली वाकली, सुकदेवचं डेरगं दोन्ही हातांनी धरलं आणि पाटावर वीतभर मागं सरकवलं. पुढं जागा झाली.