पारडं रिकामं कसं द्यायचं?

मित्रांनो, मी एक जुनी तागडी आहे. लाकडी दांडी, तिच्यावर पितळी ठिपक्यांच्या खुणा, एका टोकाला पितळी पारडं आणि दांडीवर सरकणारं एक वजन, एवढाच माझा संसार. जन्म सायगॉनचा. मुक्काम मात्र अमेरिकेतल्या प्लेनोला, पद्मजाबाईंच्या दिवाणखान्यात, टीव्हीच्या वर. तुमची भाषा मी इथेच शिकले. बोलण्यात कडूपणा वाटला तर वाटू द्या, तो खराच आहे.

सायगॉनचा मूळ बाजार नदीकाठी होता, गवती छपरांचा. तो आगीत गेला. पुढे दलदल बुजवून नवा बेन थान बाजार बांधला. चार बाजूंना चार दरवाजे, मोठ्या दरवाजावर घड्याळ. १९१४ साली तो उघडला तेव्हा माझ्या शेवटच्या मालकिणीच्या, म्हणजे लानच्या, आजीने तिथे भाजीचा गाळा घेतला आणि मला घडवून आणलं. गाळा आईकडून मुलीकडे जायचा, गाळ्यासोबत मीही जायचे. तुम्ही ज्याला भवानी म्हणता, ते दिवसाचं पहिलं गिऱ्हाईक आमच्याकडेही फार मानतात. आणि टेट, म्हणजे आमचं नवं वर्ष, झालं की गाळा उघडताना पहिलं वजन घरातल्या वडीलधाऱ्या बाईने माझ्यावर करायचं. लढाया झाल्या, सरकारं बदलली, पण ते वजन कधी चुकलं नाही.

१९७९ मध्ये नवी राजवट नकोशी होऊन लान होडीतून देशाबाहेर पळाली. लोकांनी कपड्यांत सोनं लपवलं, तिने मला लपवलं. टेक्ससला येऊन तिने छोटं भाजीचं दुकान टाकलं. इथे सरकारी शिक्का असलेल्या काट्यावरच माल मोजायचा, म्हणून मी खिळ्याला टांगली गेले. तीन पिढ्यांना जेवू घातलं आणि शेवटी भिंतीवरून दुसऱ्याचे लुकलुकते आकडे बघत बसायचं! टेटनंतरच्या एका सकाळी तेवढी मी खाली उतरायचे.

लान म्हातारी झाली. तिचा मुलगा मिन्ह दर वर्षी म्हणायचा, "आई, आता पुरे. दुकान देऊन टाकू." लानचं उत्तर ठरलेलं होतं. "ज्या वर्षी पहिलं वजन होणार नाही, त्या वर्षी खुशाल बंद कर."

पद्मजाबाई तिथे कढीपत्ता आणि शेवग्याच्या शेंगा घ्यायला येत. २००८ च्या जानेवारीत त्यांच्या अकरा वर्षांच्या नेत्राला शाळेत एका जुन्या बाजाराची माहिती सांगायची होती. लान आजीने तिला स्टुलावर बसवून सगळं सांगितलं, अगदी पहिल्या वजनापर्यंत. मग मला खिळ्यावरून काढून तिच्या हातात दिलं. "वर्गात दाखव. पण टेटच्या आधी परत आण. यंदा टेट सात फेब्रुवारीला आहे."

काय सांगू, त्या दिवशी माझं किती कौतुक झालं! तीस मुलांनी पारड्याला हात लावून पाहिला. नेत्राने घड्याळाचं, चार दरवाजांचं चित्र काढलं होतं. इतक्या वर्षांनी कोणीतरी माझा बाजार मोठ्याने सांगत होतं.

घरी आल्यावर मात्र घोडं अडलं.

"आई, लेट्स जस्ट गिव्ह इट बॅक," नेत्रा म्हणाली.

"अगं, कोणाचं भांडं रिकामं परत देतात का? संक्रांत आहे, तिळाच्या वड्या करून पारड्यात घालून देऊ. आजी खूश होतील."

पहिल्या शनिवारी गूळ कडक होऊन वड्यांचे दगड झाले. दुसऱ्या शनिवारी ऑफिसात रिलीज होतं. तिसऱ्या शनिवारी नवऱ्याला, गिरीशरावांना, ताप.

"आई, शी सेड सेव्हन्थ. प्लीज."

"रथसप्तमीपर्यंत तिळगूळ चालतो गं. दोन दिवस इकडे-तिकडे झाले तर काय बिघडतं?"

माणूस वाईट नव्हतं, मित्रांनो. म्हणूनच जास्त राग येतो. वाईट माणसाला निदान शिव्या तरी घालता येतात. लानने फोन केला नाही. सणाच्या तोंडावर आपली वस्तू मागणं आमच्याकडे अशुभ समजतात.

दहा फेब्रुवारीला, रविवारी, मखमली वड्या भरून आम्ही निघालो. वरातीमागून घोडं! दुकानात मिन्ह खोकी बांधत होता. नंतर मला कळलं, आदल्या सकाळी, नव्या वर्षात दुकान उघडायच्या वेळी, लान शटरपाशी तासभर उभी होती, रिकाम्या खिळ्याकडे बघत. मग तिने किल्ल्या त्याच्या हातात दिल्या.

"सॉरी आजी, थोडं लेट झालं," पद्मजाबाई म्हणाल्या.

लानने एक वडी खाल्ली. "छान आहे," ती म्हणाली. बाकीच्या बशीत काढल्या, पारड्याला चिकटलेला गूळ पुसला आणि मला नेत्राकडे दिलं. "तूच ठेव. मला आता काही मोजायचं नाही."

गाडीत नेत्रा रडत होती. पद्मजाबाई म्हणाल्या, "पण रिकामं कसं..."

आता पाहुणे विचारतात. "अँटिक आहे," असं उत्तर मिळतं. नेत्रा तेवढी उठून आत जाते.

मित्रांनो, दुसऱ्याची वस्तू आणलीत तर जपा, पुसा, पण सांगितलेल्या दिवशी परत द्या. रिकामी द्या. काही बिघडत नाही.